कुत्र्याच्या पायानं डोंगर

नाशिकमध्ये कुत्र्याला घेऊन डोंगरावर जायचं म्हटलं की दोन घड्याळं बघावी लागतात, एक उन्हाचं आणि एक बिबट्याचं. ऊन सांगतं, लवकर निघा. बिबट्या सांगतो, उजाडल्याशिवाय निघू नका. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं आणि नऊ वाजले की काळा दगड चटके द्यायला लागतो. म्हणजे चढून उतरायला हातात जेमतेम तीन तास. जानेवारीत सव्वासातपासून अकरापर्यंत आरामात फिरता येतं. डोंगर कोणता घ्यायचा, कुठवर चढायचं, कुठून मागे वळायचं हे या वेळेत काय बसतं त्यावर ठरवायचं. माणसांच्या ग्रुपबरोबर आपण पहाटे चारला निघतो, टॉर्च मारत चढतो आणि सूर्योदय वरून बघतो. कुत्रा बरोबर असेल तर तो बेत मुळातच बाद.

बिबट्याचं नाव काढलं की काहींना उगाच भीती घातल्यासारखं वाटतं. पण २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडच्या सावरकरनगरात, भरवस्तीत बिबट्या शिरला होता, हे नाशिककर विसरलेले नाहीत. शहरातच ही गत, तर डोंगराच्या पायथ्याचं काय सांगावं. त्यातून कुत्रा हे बिबट्याचं अगदी नेहमीचं खाणं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्याचं वजन काढलं तेव्हा त्यात पाळीव जनावरं ८७ टक्के निघाली, आणि एकूण वजनातले ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचे. शेळ्या आकड्यानं जास्त असूनही कुत्र्यांच्या बऱ्याच मागे. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो तो काही शोभेचा नाही. बिबट्या मान धरतो म्हणून तो असतो.

म्हणून डोंगर सोडायचा असं मुळीच नाही. लख्ख उजेड असावा, कुत्रा दोन हातांच्या अंतरात असावा आणि बरोबर निदान आणखी एक माणूस असावा, एवढं पाळलं तर जोखीम खूपच कमी होते. लांब सुटत जाणारी, बटणाची दोरी डोंगरावर आणूच नका. घाणेरीच्या जाळीत, उसाच्या कडेला किंवा ओघळीत कुत्रा एकदम थबकला, शेपूट पोटाखाली घेतली आणि पुढे यायला तयार होईना, तर त्याला ओढू नका. त्याच्या नाकाला जे कळलंय ते आपल्याला कळायला वेळ लागेल. मुकाट्यानं मागे फिरा. बिबट्या समोर दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. कुत्र्याला जवळ आवळून धरायचं, मोठ्यानं बोलायचं आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकायचं. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असू द्या.

आता डोंगर. पहिल्यांदाच जात असाल तर रामशेज. पेठ रोडनं चौदा-पंधरा किलोमीटर गेलं की आशेवाडी, आणि गावातूनच वाट वर जाते. सावकाश चालूनही तासाभरात माथा येतो. चढ अंगावर येत नाही, वाट मळलेली आहे आणि कुत्र्याला कुठे उचलून घ्यावं लागत नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं या किल्ल्याला वेढा घातला आणि पुढे काही वर्षं तो हाती आला नाही. गडावर तोफा नव्हत्या म्हणून किल्लेदारानं लाकडाच्या तोफा करून त्या डागल्या, असं सांगतात. एवढ्या बुटक्या, सोप्या दिसणाऱ्या डोंगरानं मोगलांना इतकं झुलवलं कसं, याचं कोडं वर जाऊन खालचे कडे बघितले की सुटतं. आणि तेच कडे कुत्र्याच्या बाबतीत लक्षात ठेवायचे. माथा सपाट आहे, गवताळ आहे, वारा सुटलेला असतो. कुत्र्याला मोकळं सोडावं असा मोह इथेच होतो. सोडू नका. वाऱ्यावर उडणाऱ्या पक्ष्यामागे धावणाऱ्या कुत्र्याला जमीन कुठे संपते ते दिसत नाही.

वाटेत रामाचं देऊळ आहे. तिथे एकानं कुत्र्याला घेऊन पायऱ्यांच्या अलीकडे थांबायचं, दुसऱ्यानं दर्शन घेऊन यायचं, मग अदलाबदल. दुसरी काळजी टाक्यांची. कातळात खोदलेल्या टाक्यांना सरळ भिंती असतात. तहानलेला कुत्रा आत उतरला तर शेवाळावरून घसरतो आणि त्याला वर येता येत नाही. शिवाय काही गडांवर टाक्यांचं पाणी अजूनही माणसं पितात. कुत्र्याला पाणी आपल्या बाटलीतलंच द्यायचं. रविवारी नऊनंतर इथे शाळांच्या सहली आणि ट्रेकर मंडळींची रीघ लागते. उजाडल्याबरोबर चढायला लागलात तर ते वर येताना तुम्ही खाली उतरत असाल. शनिवार मिळाला तर उत्तमच.

दुसरा डोंगर सिन्नरकडचा. सिन्नरहून ठाणगावच्या रस्त्याला डुबेरे लागतं. थोरल्या बाजीरावांचा जन्म इथलाच, १८ ऑगस्ट १७०० चा, आजोळी बर्व्यांच्या वाड्यात. गावामागचा डुबेरगड चढायला पायऱ्या आहेत, वर सप्तशृंगीचं देऊळ आणि ऐसपैस सपाटी आहे. पायऱ्यांचा डोंगर माणसाला सोपा वाटतो. कुत्र्याचं मात्र तसं नाही. चढताना तो उड्या मारत जातो. उतरताना प्रत्येक पायरीला सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. वजनदार लॅब्रॅडोर किंवा सात-आठ वर्षांच्या पुढचा जर्मन शेफर्ड असेल तर उतरताना पायरीच्या कडेची माती धरून, नागमोडी उतरा. घाई केलीत तर दुसऱ्या दिवशी तो लंगडेल.

डुबेरगडाची खरी किंमत पावसाळ्यात कळते. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं नाशिक पश्चिमेला पळतं: पहिने, त्र्यंबक, इगतपुरी, भावली. धबधबे तिकडे आहेत हे खरं, पण धो-धो पाऊस, शेवाळलेला कातळ, फुगलेले ओढे आणि वाहनांची रांगही तिकडेच. कुत्र्याला घेऊन यातलं काहीच नको. सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. इगतपुरीत रस्ता दिसत नाही अशा दिवशी डुबेऱ्याला नुसती भुरभुर असते, डोंगर हिरवा झालेला असतो आणि पायाखाली चिखल कमी. पावसाळ्यात कुत्रा असलेल्यानं पूर्वेला जावं, हा आमचा साधा हिशेब. शिवाय श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखोंनी माणसं येतात. तेव्हा त्र्यंबकच्या बाजूला कुत्रा नेणं हा त्याच्यावरही अन्याय आणि भाविकांवरही.

थोडा लांबचा बेत असेल तर पट्टा किल्ला. आहे अकोले तालुक्यात, पण सिन्नर-ठाणगावकडून जाता येतं आणि सकाळी निघून दुपारच्या आत घरी पोचणं हिवाळ्यात जमतं. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज इथे येऊन राहिले आणि गडाला विश्रामगड नाव मिळालं. विश्रांतीला निवडलेला गड म्हटल्यावर चढ कसा असेल ते समजून घ्या. पठार लांबरुंद आहे आणि आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत असतात. काही कुत्री पवनचक्कीच्या घरघरीला बिचकतात. आवाजाला घाबरणारा, दिवाळीत पलंगाखाली जाणारा कुत्रा असेल तर जरा लांबूनच फिरवा. आणि वर जो बिबट्याचा अभ्यास सांगितला तो याच तालुक्यातला, हे ध्यानात ठेवून दुपारनंतर इथे रेंगाळू नका.

डोंगर नकोच, नुसता चढउतार हवा असेल, म्हणजे घरात म्हातारा कुत्रा आहे किंवा पिल्लू आहे, तर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गंगावऱ्हे, सावरगावच्या बाजूची माळरानं बघा. तासभर फिरायला पुष्कळ. फक्त उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो, तिथे कुत्र्याला सोडायचं नाही. मार्चपासून पुढे टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं, घरटं जवळ आहे, आणि आल्या वाटेनं दुसरीकडे वळायचं.

कुठे जायचं नाही, हेही सांगायला हवं. पांडवलेणीत कुत्रा नेता येत नाही. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि १९५९ च्या नियमांप्रमाणे अशा स्मारकात प्राणी आणायला बंदी आहे. चामर लेणी, म्हणजे गजपंथ, हे जैनांचं तीर्थक्षेत्र. तिथे विचारायलाही जाऊ नये. बोरगड २००८ पासून आणि अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीवर लोक कुत्री नेतात, मी बघितलंय, तरी माझं मत तिथे नेऊ नये असंच आहे. तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत, आणि पाळीव कुत्र्यांचे रोग, उदाहरणार्थ डिस्टेंपर, रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांना लागतात. त्यावर तिथल्या माकडांची टोळी म्हणजे वेगळंच प्रकरण: एक माकड पळतं, कुत्रा मागे जातो आणि मग टोळी वळते. नांदूर मध्यमेश्वर हे तर पक्षी अभयारण्यच. बहुला किल्ला देवळालीच्या लष्करी सराव क्षेत्रात येतो. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवर कुत्र्याला पाठीवर बांधून नेणारे व्हिडिओ बघून कुणाला स्फुरण चढत असेल तर त्यांनी एकदा खाली उतरणाऱ्या गर्दीत स्वतः उभं राहून बघावं.

आता कुत्रा कोणता. गावठी कुत्रा हा या डोंगरांचाच. त्याच्यासारखा साथीदार नाही. अंगात बेताची चरबी, आखूड केस, ऊन झेपेनासं झालं की आपणहून सावलीला बसायची अक्कल. लॅब्रॅडोरला ती अक्कल नसते. तुम्ही चालताय तोवर तो चालेल आणि मग एकदम बसेल. पग, शित्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास पुरत नाही. त्यांना हिवाळ्यातलं बॅकवॉटरच बरं. हस्कीबद्दल न बोललेलं बरं. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं भरायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं, तोवर लांब उतार टाळा. कुठलाही कुत्रा असो, आधी महिनाभर रोजचं चालणं वाढवत न्या. आठवडाभर फ्लॅटमध्ये आणि रविवारी एकदम रामशेज, हे त्यालाही झेपत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

ऊन ओळखायची सोपी खूण: तळहाताची मागची बाजू दगडावर टेकवा. सात सेकंद ठेवता आली नाही तर तो दगड कुत्र्याच्या पंजालाही नको. माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही. मुख्यतः जिभेवाटे धापा टाकून तो अंग थंड करतो. धाप लागणं ठीक. पण जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल डगमगली, तर तो उष्माघात समजायचा. ताबडतोब सावलीत घ्या, असेल ते सगळं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता आणि टोपीनं, वहीनं, कशानंही वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता आत कोंडते. आधी गार करायचं, मग उचलून गाडीकडे आणि तिथून थेट डॉक्टरकडे. वीस किलोच्या कुत्र्यासाठी वेगळं एक लिटर पाणी लागतंच, उन्हाळ्यात दोन. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. दर वीस मिनिटांनी वाटीत थोडं ओतायचं; प्यायला नाही तर झाडाच्या बुडाशी टाकायचं आणि पुढे चालायचं.

गळपट्ट्यापेक्षा पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. अवघड पायरीला ती मूठ धरून कुत्र्याला अलगद वर घेता येतं, गळा आवळला जात नाही.

ऑक्टोबरपासून दुसरा शत्रू उभा राहतो, तो म्हणजे कुसळ. डोंगरउतारावरचं गवत वाळलं की कुसळी सुटतात आणि आपल्या मोज्यात घुसतात ते सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याच्या बाबतीत ती थट्टा राहत नाही. कुसळाचं टोक एकाच दिशेनं सरकतं. बोटांच्या बेचक्यात शिरलं की चालताना आत आत जातं, वरची कातडी मिटते आणि आठवड्यानं तिथे गाठ येऊन पू होतो. घरी आलं की कुत्र्याला आडवं झोपवा आणि प्रत्येक पंजाची बोटं फाकवून केसांतून अंगठा फिरवा. एखादं कुसळ बोटाला आडवं लागतं, चिमट्यानं सरळ ओढलं की निघतं. मग कानाच्या पाळीच्या आत, काखेत, शेपटीच्या बुडाशी. कुत्रा एकीकडे मान कलती करून सारखं डोकं झटकत असेल तर कुसळ कानात आत गेलंय. त्याला घरी काडी, कापूस काही लावू नका, ते काम डॉक्टरचं.

हाच हात फिरवताना गोचीडही सापडते. पावसाळ्यानंतर गुरं चरलेल्या उतारावर ती हमखास असते आणि तिच्यामुळे कुत्र्यांना टिक फीवर येतो. गोचिडीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डोंगरावर जायच्या आधी झालेलं असावं. रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली लस चालू वर्षाची असावी, कारण डबक्यात तोंड घालू नको म्हणून कुत्र्याला कितीही सांगितलं तरी तो घालतोच.

नाशिकची म्हणून एक खास अडचण आहे. आपली दोन नावाजलेली पिकं, द्राक्ष आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी. दिंडोरी, निफाडकडे जाताना बागेच्या कडेला द्राक्षांचे घड पडलेले असतात आणि काही कुत्री ते आवडीनं खातात. द्राक्षानं, मनुक्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्लं की धोका, हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, म्हणून थोडंसंच खाल्लं म्हणून गप्प बसायचं नाही. खाल्लेलं दिसलं तर उलटी होण्याची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. ट्रेकला जाताना डब्यात बदाम-मनुके नेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो की शिजलेला. आणि डोंगर उतरल्यावर नाशिककर कुठे जातो, ते सांगायला नकोच. मिसळीची तर्री, त्यात बुडवलेला पाव, वर बारीक चिरलेला कांदा, आणि टेबलाखालून वर बघणारे ते डोळे. द्यायचं नाही. त्याचा उकडलेल्या अंड्याचा डबा वेगळा घ्या, तो पाव मागायचाही विसरतो.

शेवटी माणसं. पायथ्याच्या गावातून जाताना कुत्रा आखूड धरा आणि गावातली कुत्री अंगावर आली तर थांबू नका, दगड उचलू नका, चालत राहा. त्यांची हद्द संपली की ती परततात. समोरून शेळ्या-मेंढ्यांचा कळप आला तर वाट सोडून वरच्या अंगाला उभं राहा आणि गुराख्याला आधी हाक मारून विचारा, “मामा, कुत्रं धरून ठेवलंय, जाऊ का पुढं?” एवढ्या एका प्रश्नानं वाट मोकळी होते, आणि काल संध्याकाळी कुठल्या ओघळीत बिबट्या दिसला होता हेही बऱ्याचदा त्यातून कळतं. ही बातमी कुठल्याच फोनवर मिळत नाही. शेताच्या कुंपणाला हात लावू नका, कुत्र्यालाही लावू देऊ नका. रानडुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. कुत्र्यानं वाटेवर, पाण्याजवळ, देवळापाशी घाण केली तर पिशवीत घेऊन ती खाली आणायची. आज एका कुत्र्याची घाण गावानं सोसली तर उद्या गाव सगळ्याच कुत्र्यांना वाट बंद करेल, आणि त्यात गावाचं काही चुकणार नाही.

चढ जास्त झाला की बरोबर, हे रविवारी संध्याकाळी कळत नाही. तेव्हा तो दमून गाढ झोपलेला असतो आणि आपल्याला वाटतं, काय मजा केली पठ्ठ्यानं. सोमवारी सकाळी बघा. पट्टा हातात घेतल्याबरोबर उठून दाराशी आला तर पुढच्या वेळी तोच डोंगर चालेल. उठताना मागचे पाय ताणत, अडखळत उभा राहिला किंवा जिना उतरायला कचरला, तर दोन दिवस नुसतं गल्लीत फिरवा आणि पुढचा रविवार बॅकवॉटरच्या माळावर.